उशाखालचा अडकित्ता

परवा नातसुनेनं विचारलं, "आजी, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता?" मी म्हटलं, "मोठ्या माणसांना दात घासायला शिकवत होते." ती हसली. म्हातारी थट्टा करतेय असं वाटलं असणार तिला. पण हे अगदी खरं आहे. सांगलीच्या एका हॉस्पिटलात माझी उमेदीची वर्षं गेली ती माणसांना दात घासायला, सदऱ्याची बटणं लावायला, कुलपात किल्ली घालायला आणि चहाची बशी तोंडाला लावायला शिकवण्यात. कागदावर आमच्या खात्याचं नाव होतं 'व्यवसायोपचार'. हॉस्पिटलात मात्र मला सगळे 'भांडीवाल्या बाई' म्हणायचे. माझ्या खोलीतल्या कपाटात तांब्या, फुलपात्र, फणी, काडेपेटी, कुलूप, दाढीचं सामान, अडकित्ता असा सगळा संसार होता, त्यावरून ते नाव पडलेलं. मेट्रन येता-जाता विचारायच्या, "काय बाई, आज बोहारणीचा फेरा नाही वाटतं?" मीही काही कमी नव्हते. म्हणायचे, "तुमची जुनी पातळं आणा, मग बघू."

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, नदीकाठी ऊस वाढत होता, रस्त्यावर ट्रक वाढत होते, आणि डोक्याला मार लागून येणारी माणसंही वाढत होती. शल्यचिकित्सक जीव वाचवायचे. जखम भरायची, टाके निघायचे, माणूस उठून बसायचा, बोलायला लागायचा. घरचे देवाला नारळ फोडायचे. आणि मग एके दिवशी हा बरा झालेला माणूस दाढीचा ब्रश दातांवर फिरवायचा.

तिथून माझं काम सुरू व्हायचं.

हे काय असतं ते साध्या शब्दांत सांगते. डॉक्टर याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात. हाताला लकवा नसतो, ताकद असते. डोळ्यांना दिसतं. 'हे काय आहे?' विचारलं तर 'फणी' म्हणून नावही सांगतात. आणि तीच फणी हातात दिली की तिचं करायचं काय, ते हाताला सुचत नाही. माझ्याकडे एक मुख्याध्यापिका यायच्या, फार हुशार बाई. टूथब्रशनं भांग पाडायला जायच्या आणि मधेच थांबायच्या. मला म्हणाल्या, "हे चुकतंय ते मला कळतंय हो. बरोबर काय, ते हाताला कळत नाही." इतकं नेमकं मला माझ्या पुस्तकांतही सापडलं नव्हतं. गावाकडच्या लोकांना मी सांगायचे, बैल धड आहेत, गाडी धड आहे, रस्ताही पाठ आहे, पण कासरा तुटलाय. ते त्यांना लगेच पटायचं.

यात आणखी एक गंमत असते. सातारकडचा एक हवालदार होता, शिरवळजवळ ट्रकमधून पडलेला. मी म्हटलं, "हवालदारसाहेब, सलाम करून दाखवा." त्याचा हात कानाकडे गेला, मग मानेकडे, मग पोटावर आला. बिचारा घामाघूम झाला. तेवढ्यात आमचे मोठे सर्जन राउंडला आले. ते पूर्वी मिलिटरीत होते आणि चालीवरून ते कुणाच्याही लक्षात यायचं. हा गडी खाडकन उठला आणि असा कडक सलाम ठोकला की सर्जननाही पाय जुळवावे लागले. ते गेल्यावर मी म्हटलं, "आता परत करा बघू." पुन्हा हात पोटावर! म्हणाला, "करा म्हटलं की हुत न्हाई, बाई. आपसूक येतंय." म्हणजे आपसूक होणारी गोष्ट शाबूत, आणि तीच कुणी सांगितली, किंवा ठरवून करायला गेलं, की गायब. घरच्यांना वाटतं सोंग करतोय. सासवांना तर हमखास वाटतं.

आता दौलूआबांचं सांगते. इस्लामपूरच्या अलीकडच्या एका गावातले, पन्नाशीचे, ऊसवाले शेतकरी. गळीत सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. कारखान्याला ऊस घेऊन निघालेल्या गाडीवरून ते खाली आले आणि डोक्याची डावी बाजू दगडावर आपटली. ऑपरेशन झालं, वाचले. माझ्याकडे आणलं तेव्हा चालत आले, पण डोक्यावर टॉवेल. खुर्चीत बसायच्या आधी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बाई, मला... पटका बांधायला शिकवा."

त्यांच्याकडे बोडक्यानं चारचौघांत जायची रीत नाही. त्यामुळे आबा एरवी वॉर्डातून व्हरांड्यातसुद्धा येत नसत. मी पटका आणवला. त्यांनी तो हातात घेतला, उलगडला, बराच वेळ बघितला आणि गुडघ्यांना गुंडाळायला लागले. मग आपणच थांबले. त्यांची बायको हौसाक्का शेजारी होती. तिनं पदर तोंडाला लावला. "बाहेरचं काय तरी लागलंय वो यास्नी," असं ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते की दगड लागलाय.

पटका हे फार अवघड काम. कापड लांब, आणि निम्मं काम डोक्याच्या मागे, जिथं डोळे पोचत नाहीत. मी जंग जंग पछाडलं. नाही जमलं. शेजारच्या कॉटवरचा पेशंट आबांना बांधून द्यायचा. आबा आरशात बघायचे आणि म्हणायचे, "ह्यो माझा न्हाई."

अशातच एक दिवस हिंदुराव म्हणून गृहस्थ मला भेटायला आले. कराडकडचे, अंगानं थोराड, बोलण्यात जपून. आबांची मुलगी शालन ही त्यांच्या मुलाला सांगून गेलेली होती. पसंती झाली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आमच्याकडे साखरपुडा म्हणतात, तसं तिकडे सुपारी फोडणं. ती फुटली की लग्न पक्कं. आणि मधेच हा अपघात. आबा भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर चहात सुपारी बुडवतात, चुन्याची डबी कानाला लावतात, अशा बातम्या कराडपर्यंत गेल्या होत्या. पोरीचा बाप खुळा झाला म्हणून.

"बाई, एक इचारतो, रागावू नगा. खूळ रक्तातनं उतरतंय का?"

"ते मला माहीत नाही. पण गाडीवरून पडणं रक्तातून उतरत नाही, एवढं नक्की."

ते हसले नाहीत. टोपी काढून पुन्हा घातली. "मला पटतंय वो. पोरगी चांगली हाय, मला मोडायचं न्हाई. पर भावकीला त्वांड मला द्यायचंय. आमच्यात सुपारी पोरीच्या बापानं अडकित्त्यानं फोडायची आसती, चारचौघांत. पाडव्यानंतर बैठक हाय. त्यास्नी सोताच्या हातानं फोडू द्या. मग कोण काय बोलंल? आन् न्हाई फोडली, तर मग माझाबी इलाज न्हाई."

माणूस वाईट नव्हता. त्यानं आपल्या परीनं वाट काढली होती. पण ती वाट एका अडकित्त्याच्या पात्यावरून जात होती, आणि हे त्याला समजावून सांगणं अवघड होतं. दाराशी शालन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ते गेल्यावर मला म्हणाली, "बाई, पटका ऱ्हाऊ दे. आदी अडकित्ता घ्या." ती वडिलांची लाडकी होती, पण लाडावलेली नव्हती.

मी कपाटातला पितळी अडकित्ता काढला. आबांनी त्यानं मिशी विंचरली. सुपारी दिली तर ती त्यावर चमच्यात ठेवावी तशी ठेवली. पाच-सहा वेळा हेच. मग मी शालनला म्हटलं, "त्यांचा घरचा आण." घरचा म्हणजे लोखंडी, काळाकुट्ट, दांडे अंगठ्यापाशी झिजून खोलगट झालेला. तो हातात दिला मात्र, आबांचा अंगठा बरोबर त्या खळग्यात जाऊन बसला. फोडता नाही आलं, पण बसला तर खरा! मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आमची शिकवायची तऱ्हा उलटी असते. आई मुलीला भाकरी शिकवते तेव्हा पहिल्या दिवशी पीठ मळायला देत नाही. सगळं आई करते, मुलीनं फक्त तव्यावरची भाकरी उलटायची. ते जमलं की थापायला, आणि मळणं सगळ्यात शेवटी. तसंच हे. पहिल्यांदा सगळं आम्ही करायचं, सुपारी पात्यात धरायची, आबांची बोटं दांड्यावर मिटवायची, त्यांनी फक्त दाबायचं. ते बसलं की एक पायरी मागे. समोर दुसरी एकही वस्तू नको, कारण दहा वस्तू दिसल्या की हात दहा वाटांना जातो. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. 'असं धरा, तसं दाबा' म्हटलं की संपलं. मागे उभं राहून हाताला हात लावून न्यायचं नुसतं.

आता परक्या पुरुषाचा हात असा धरायचा, तर मला काही नव्हतं, पण आबा आकसून जायचे. हौसाक्का म्हणाली, "धरा की वो, मी बसलीया न्हवं हितं!" वॉर्डातले सगळे हसले आणि आबा आणखीच आकसले. म्हणून मी शालनला शिकवलं. ती मागे उभी राहायची, कोपराखाली हात धरायची. मला तिचा हेवा वाटायचा इतका तिचा हात शांत होता. हळूहळू तिनं फक्त सुपारी पात्यात ठेवायची आणि बाजूला व्हायचं, इथपर्यंत आम्ही आलो. पहिली सुपारी आबांनी एकट्यानं फोडली तेव्हा वॉर्डात टाळ्या पडल्या. त्यांना घरी सोडताना मी बजावलं, "रोज फोडायची. हाच अडकित्ता. दुसरा नाही." हौसाक्कानं मान डोलावली. तिची मान कशालाही डोलायची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बैठकीला मला आग्रहानं बोलावलं होतं. एसटीनं गेले. सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी पडवीत, जाजम अंथरलं होतं, दोन्हीकडची वीस-पंचवीस पुरुषमाणसं बसलेली. आम्ही बायका आतल्या दाराशी. आबांच्या डोक्याला पुतण्यानं पटका बांधला होता, जरा कललेला. मधोमध मोठं तबक आलं. त्यात नारळ, खडीसाखर, विड्याची पानं, हळद-कुंकवाच्या वाट्या, खारका, सुपाऱ्या, आणि सगळ्यांच्या वर मोरांच्या नक्षीचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला नवा पितळी अडकित्ता.

हौसाक्काला कोपरानं ढोसून मी विचारलं, "जुना कुठाय?"

"उशाखाली."

"कुणाच्या?"

"त्यांच्याच की. देवऋष्यानं सांगितलंय, हाताखालचं लोखंड उशाखाली ठिवा, बाधा जवळ येत न्हाई. घरी आल्यापासनं तितंच हाय. शालन रोज मागायची, पर मी हलवूच दिला न्हाई." ती अभिमानानं सांगत होती. "आन् बाधंवरचं लोखंड शुभकार्याला कसं चालंल, बाई? म्हनून थोरल्या जावंकडनं ह्यो आणला."

म्हणजे घरी आल्यापासून सुपारी फुटलेलीच नव्हती. हौसाक्कानं नवऱ्यावरच्या मायेनं त्याचा हातच उशाखाली ठेवला होता. माझ्या तोंडी जे शब्द आले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाहीत.

सोप्यात आबांनी पितळी अडकित्ता उचलला. उलटासुलटा केला. सुपारी त्यावर ठेवली, चमच्यासारखी, आणि तोंडाकडे नेली. मग चुकलं हे कळून खाली ठेवली. अडकित्त्याचं टोक कुंकवात बुडवलं. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा, म्हनलं न्हवतं?" हिंदुराव जाजमाकडे बघत होते. आबांच्या कपाळावरचा घाम मला आतून दिसत होता. त्यांना सगळं कळत होतं, हेच तर या दुखण्याचं वाईट असतं. आपल्या हातानं आपण पोरीचं लग्न मोडतोय, हे तो बाप बघत बसला होता.

मी शालनकडे वळले, तर ती जागेवर नव्हती.

ती आली ती माजघराकडून, हातात काळा अडकित्ता घेऊन, आणि थेट सोप्यात गेली. सुपारीच्या बैठकीत नवरीनं बोलावल्याशिवाय यायचं नसतं, आणि आलं तर मान वर करायची नसते. तिनं वाकून तबक आबांच्या समोरून उचललं आणि लांब भिंतीशी नेऊन ठेवलं. एक सुपारी तेवढी काढून घेतली. जाजम मोकळं झालं. मग आबांच्या मागे जाऊन बसली.

चुलता म्हणाला, "शालन, आत हो."

"हुते. एवढं झालं की हुते."

मग ती बोलली नाही. आणि नवल म्हणजे दुसरंही कुणी बोललं नाही. तिनं काळा अडकित्ता आबांच्या हातात दिला. अंगठा आपल्या खळग्यात गेला. तिनं कोपराखाली हात धरला, दुसऱ्या हातानं सुपारी पात्यात ठेवली, क्षणभर थांबली आणि दोन्ही हात काढून घेतले. मी शिकवलं होतं तस्संच. आबा त्या सुपारीकडे बघत राहिले.

कट्.

दोन फाका जाजमावर पडल्या. आता रीत अशी की मुलीच्या बापानं एक फाक मुलाच्या बापाला द्यायची. ते काही आम्ही शिकवलेलं नव्हतं. आबांनी फाक उचलली आणि उभ्या जन्माच्या सवयीनं सरळ आपल्या तोंडात टाकली. चघळायलाही लागले.

हिंदुराव बघतच राहिले. मग म्हणाले, "आवं पावणं, ती माझी हुती!"

"व्हय की," आबा म्हणाले आणि दुसरी फाक उचलून त्यांच्यापुढे धरली. सगळा सोपा हसला. दाराशी हौसाक्का हसता हसता रडायला लागली.

हिंदुरावांच्या भावकीतला एक म्हातारा मात्र हसला नाही. म्हणाला, "हिंदुराव, थांब गड्या. सुपारी फोडली कुणी म्हनायची? पोरीनं धरली हुती."

हिंदुरावांनी फाक बोटांत धरून क्षणभर विचार केला. "पोरीनं धरली, बापानं फोडली. धरायला कोण तरी लागतंच की, नाना," असं म्हणून त्यांनी ती तोंडात टाकली. खाल्लेली सुपारी परत जोडता येत नाही, हे नानांनाही कळत होतं. शालन उठली आणि आत आली. मी तिला धरून बसवलं. इतका वेळ ती जे बोलली नव्हती ते सगळं मग माझ्या खांद्यावर रडून घेतलं पोरीनं.

आमच्या धंद्यात 'पूर्ण बरा' असं फार थोड्यांच्या नावापुढे लिहिता येतं. आबा पुढे रोज सुपारी फोडायचे, तांब्यानं पाणी प्यायचे, बटणं लावायचे. काडेपेटीशी कधी जमलं नाही. आणि पटका नाहीच. त्याची हळहळ मला अजून आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट, आणि तीच मला देता आली नाही. लग्नाच्या आधी ते एकदा तपासायला आले तेव्हा म्हणाले, "मांडवात पुतण्याच्या हातनं बांधून घ्यायचा. लोकं बघत्यात, बाई." मी म्हटलं, बघू.

वैशाखात लग्न लागलं. मी गेले होते. उन्हानं जीव नकोसा झाला होता. अक्षतांच्या आधी मानकऱ्यांना फेटे बांधायचे होते. कराडहून खास फेटेवाला आणलेला. मांडवाच्या एका बाजूला खुर्च्यांची ओळ होती, त्यात दोन्हीकडचे चुलते, मामा, आजोबा, कारखान्याचे कुणी डायरेक्टर, हिंदुराव आणि त्यांच्या शेजारी आबा. सगळ्यांची डोकी बोडकी. एरवी आपापला पटका सहज बांधणारी ही माणसं शहाण्या मुलांसारखी मान ताठ धरून बसली होती आणि फेटेवाला एकेकाच्या डोक्याला गुलाबी फेटा गुंडाळत पुढे सरकत होता. मानाचा फेटा स्वतः बांधायचा नसतो, दुसऱ्यानंच बांधायचा असतो. मी इतकी लग्नं बघितली होती, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

आबांची पाळी आली. हिंदुरावांनी फेट्याचं दुसरं टोक आपल्या हातात धरलं. आबांची नजर ओळीवरून फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते.

"बाई," मान न हलवता आबा म्हणाले, "आज कुणालाच सोताचा बांधता येत न्हाई."